प्रताप सरांची नवी लक्ष्मी

नोट बघून प्रताप सरांनी नाक मुरडलं. "पाच डॉलरची आहे, महिपती. जुनी म्हणून कुणी सहा देईल. ठेवून जा, विचारतो कुणाला तरी."

सर पुण्याचे, इथे आखातात आमच्याच कंपनीत इंजिनियर, शहरात बिन महमूदला राहतात, जुन्या नोटा जमवतात आणि मराठी मंडळात त्यावर भाषणं ठोकतात. महिपती वेल्डर, अल खोरच्या कामगार कॅम्पात माझा रूममेट. त्याचा अमेरिकन सुपरवायझर रिटायर होताना आजोबांच्या पेटीतली ही नोट त्याला देऊन गेला. तिचे बरे पैसे आले, तर महिपती पुढच्या दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही न करता घरी जाणार होता.

मी कंपनीची बस चालवतो. माणसं शिफ्टला गेली की दिवसभर मी आणि मोबाईल. नोटेचा फोटो होता, शोधत बसलो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत खेड्यातली बँकसुद्धा स्वतःच्या नावाने नोट काढायची. नोटेवर बँकेचा नंबर असतो, गाव असतं. भाव त्या बँकेचा, पाचाच्या आकड्याचा नाही. आयोवातल्या या गावच्या बँकेच्या चारच नोटा उरल्याची नोंद होती. एक तीन हजार डॉलरला गेली होती. भाषणं देणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही नोट परत मागायला गेलो.

"आज?" सर म्हणाले. "आज घरातून लक्ष्मी बाहेर देत नाहीत रे. असं कर, शंभर रियाल घे, विषय खलास."

"ते शंभर कुठून जाणार सर, खिडकीतून?" मी म्हणालो.

महिपतीने मात्र हात पुढे केलाच होता. "सायेब म्हणत्यात ते बी खरंच हाय."

नोट चौरंगावर होती, दागिने आणि रियालांच्या मधोमध. नयनावहिनींनी प्रत्येक नोटेला ओलं हळदकुंकू लावलं होतं. हिलाही, थेट बँकेच्या नावावर.

सरांनी ते तेव्हाच पाहिलं. "नयना, प्लास्टिकमधून काढलीस कशाला? हजार-दोन हजार डॉलर पाण्यात गेले."

"तुम्हीच म्हणालात, घरात नवी लक्ष्मी आलीय, पूजेत ठेव."

महिपतीने हात मागे घेतला. "सायेब, सहा डॉलरातनं हजार कसं गेलं?"

सर ओल्या टिश्यूने डाग पुसायला धावले. मी नोट हिसकावून घेतली. वहिनी खाली मान घालून उभ्या होत्या.

अमेरिकेतल्या व्यापाऱ्याने डागाचा फोटो बघून चारशे डॉलर सांगितले. महिपतीने कॉन्ट्रॅक्टवर सही केली.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर सरांनी नोटेचा फोटो टाकला, डागाच्या आधीचा. वर लिहिलं होतं, "माझ्या संग्रहातून." खाली रांगेने हात जोडलेले. त्यात महिपतीचा अंगठाही होता.

"तू? तू त्याला अंगठा दिलास?"

"दोन वर्सं काढायचीत इथं," तो म्हणाला, आणि मोबाईल उशीखाली सारून भिंतीकडे वळला.