पाच वाजताचा आवाज

आई गेल्यानंतरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपले आणि दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेचे सोएजिमा नकाशा घेऊन दारात उभे राहिले.

आई मुलांसाठी गोष्टी लिहायची. गावाने तिच्या आठवणीच्या जागा फिरून बघायचा एक रस्ता आखला होता. आमचं घर, ती शिकवायची ती शाळा, धक्का, आणि शेवटी धक्क्यामागच्या चढावरचा भोंग्यांचा खांब. प्रत्येक ठिकाणी पाटी लागणार होती. पाट्यांवरचा मजकूर बरोबर आहे ना, एवढंच मी बघायचं होतं.

मी हो म्हटलं ते त्या खांबासाठी. संध्याकाळी पाचला भोंग्यांवरून सूर वाजतो आणि मुलं खेळ मोडतात. आमच्या गावात त्यानंतर कॅसेटवरचा आईचा आवाज यायचा, "पाच वाजले. राहिलेलं भांडण उद्या. आता घरी चला." मी ओसाकाहून फोन केलेला असताना पाच वाजले, की तिचे दोन आवाज, फोनमधला आणि मागे भोंग्यावरचा, एकदम कानावर पडत. ती गेल्यापासून नुसता सूर वाजत होता. माझ्याकडे तिची पुस्तकं होती, पत्रं होती. आवाज कुठेच नव्हता. तो एकदा ऐकायचा आणि मग परत जायचं, असं मी ठरवलं होतं.

घराच्या पाटीवर लिहिलं होतं, 'येथे लेखिकेने शांतपणे लेखन केले.'

"शांतपणे? माझ्यावर ओरडत ओरडत लिहायची ती."

"ते पाटीवर कसं घालायचं, ताई? आणि गावाला ते माहीतच आहे."

धक्क्यावर कुनिएआजी मासे वाळत घालत होत्या. त्यांनी वरही न बघता विचारलं, "काय रे सोएजिमा, बाई इथे बसायला बाकडं मागत होत्या, ते नाही दिलंस. आता पाटी?"

"आजी, तेव्हा बजेट नव्हतं."

"हं. माणूस मेलं की बजेट येतं."

सोएजिमा हसले नाहीत. चढ चढून आम्ही खांबापाशी पोचलो.

"आईचा आवाज परत कधी लावणार?" मी विचारलं. "माझ्यासाठी बंद ठेवला असेल, तर आता लावा."

त्यांनी नकाशाची घडी घातली. "कॅसेट बाईंबरोबर गेली, ताई."

मला कळलं नाही.

"पेटीसकट दहन होतं, त्यामुळे शवपेटीत टणक प्लास्टिक चालत नाही. म्हणून कॅसेट उघडून नुसती फीत काढली आणि कागदात गुंडाळली. तुम्ही फुलं वाहत होतात, तेव्हा त्यांच्या हाताशी ठेवली. त्यांची वस्तू त्यांच्याबरोबर जावी म्हणून."

"दुसरी प्रत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग माफी मागत कमरेत वाकले आणि तसेच राहिले.

मीही पेटीत तिची पेन्सिल ठेवली होती, आल्याच्या वड्या ठेवल्या होत्या. त्यांना काय बोलणार? खाली धक्क्यावर बोट लागत होती. ती लागून दोर बांधून होईपर्यंत मी तिकडेच बघत राहिले.

"सरळ उभे राहा," मी म्हटलं. "फीत काढण्याआधी कॅसेट ऐकली होती?"

"एकदा. ऑफिसात कुणी नव्हतं तेव्हा."

"सगळी?"

"सगळी. सुरुवातीला बाई खोकतात. तेवढं आम्ही भोंग्यावर कधी जाऊ दिलं नाही. आधी घसा खाकरतात, मग खोकतात, मग कुणाला तरी म्हणतात, 'झालं का सुरू?'"

हे मला माहीत नव्हतं.

"कसं खोकते?"

सोएजिमा अवघडले. इकडेतिकडे बघून त्यांनी मूठ तोंडाशी नेली, घसा खाकरला आणि खोकले. कोरडं, आखूड, खोकला आल्याचा राग आल्यासारखं. तिचंच होतं ते.

वर भोंग्यातून पाचचा सूर सुरू झाला. तो संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. त्यानंतर काहीच आलं नाही.

"पुन्हा एकदा," मी म्हटलं.