दुसरी सही

बहुपक्षीय वाटाघाटींवर पीएच.डी.ची एकच जागा निघाली होती आणि ती दोन विभागांत मिळून होती. मुलाखतीला गेले, तर दोन विभागप्रमुख कॉरिडॉरच्या दोन टोकांना आपापल्या खोलीत बसलेले. सात वर्षं त्यांच्यातून विस्तव जात नव्हता.

"मॅडमना विचारून या, मुलाखत कुठे घ्यायची," सर म्हणाले.

"त्यांना म्हणावं, माझ्या खोलीत," मॅडम म्हणाल्या.

सर कसले येतायत! मी बैठकीची खोली सुचवली, तर तिथे मधली खुर्ची कुणाची यावर घोडं अडलं. दहापासून दोनपर्यंत मी अकरा चिठ्ठ्या पोचवल्या. शेवटी शिपायाला हाताशी धरून कॅन्टीनमधलं गोल टेबल उचलून आणलं, तेव्हा कुठे दोघं बसले. तरी सरांनी मला काही विचारलं की मॅडम खिडकीबाहेर बघायच्या आणि मॅडमनी विचारलं की सर पेनाचं टोपण चावायचे. जगाला समेट शिकवणारी ही माणसं! किळस आली मला. एका चुलीवरच्या दोन जावासुद्धा याहून बऱ्या वागतात.

चार वाजता सरांनी आपली सही केलेला निकालाचा कागद माझ्या हातात दिला. "यावर मॅडमची सही आणा."

चालता चालता मी तो वाचला. 'नापसंत. उमेदवाराला मध्यस्थीचा प्रत्यक्ष अनुभव नाही.'

मॅडमनी एका शब्दाचाही वाद न घालता सही ठोकली.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "हा सरांना तेवढा नेऊन द्या."