फाट्यावरचा म्हातारा

*शेवटच्या थांब्यावर उतरा. चहाची टपरी मागे टाकून मातीच्या रस्त्याने चालू लागा. पुढे फाट्यावर एक म्हातारा भिंतीवर बसलेला असतो. तो ज्या दिशेला पाहत असेल, त्या वाटेने जा.*

बस कंपनीच्या पत्रकात असं छापलेलं आहे. पत्रकाचं नाव 'बसने जा, पायी फिरा'. प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे त्याचा गठ्ठा लटकवलेला असतो आणि फुकट असल्यामुळे लोक दोन-दोन घेतात.

म्हातारा म्हणजे गावचा निवृत्त न्हावी. पत्रकात घालताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. कंपनीचा कारकून पायवाटेची पाहणी करायला आला, त्या दिवशी सून फरशी पुसत होती, म्हणून न्हावी घराबाहेर होता. घराकडे तोंड केलं तर ती आणखी एखादं काम सांगेल, म्हणून त्याने टेकडीकडे तोंड केलं होतं. एवढ्या भांडवलावर त्याचा मैलाचा दगड झाला.

मग शहरातून लोक यायला लागले. हातात काठ्या, डोक्यावर टोप्या, पाठीवर महिनाभराची शिदोरी मावेल अशा पिशव्या. आधी मनात येईल तेव्हा येणारी बस रोज यायला लागली. सुनेने थांब्यावरची जुनी टपरी चालवायला घेतली. नर्स वेळेवर दवाखान्यात पोचू लागली, पोरं कॉलेजात पोचू लागली आणि तिथून पुढे कुठे जायची ते त्यांचं त्यांना माहीत. गाव समितीच्या अध्यक्षाने भर सभेत सांगून टाकलं, "बस काकांच्या जिवावर चालते." टाळ्या पडल्या. न्हावी खूश झाला. टाळ्यांनी माणूस कसा जागच्या जागी ठोकला जातो हे त्याला तेव्हा कळलं नाही.

*सूचना : दुसऱ्या वाटेला जाऊ नये.*

दुसरी वाट म्हणजे डावी. तिथे डुकरं पाळणाऱ्याचं शेत आहे. शेतामागे एक डबकं आहे. त्यात काय साठतं ते सांगायची गरज नाही.

एकदा न्हाव्याच्या पाठीमागे दोन कोंबडे भिडले. कोण जिंकतंय ते बघायला तो वळला. त्याच वेळी बँकेतल्या कारकुनांची सहल फाट्यावर पोचली आणि म्हातारा पाहत होता त्या दिशेला शिस्तीत चालू लागली. परत आली तेव्हा टपरीवर त्यांना कुणी जवळ बसू देईना. सुनेने चहा लांबूनच सरकवला.

त्या दिवसापासून न्हाव्याला मान वळवायची बंदी झाली. शिंक आली तरी समोर.

पाटी का लावली नाही? लावली होती. लोक पाटीजवळ थांबून म्हाताऱ्याची वाट बघायचे. अध्यक्ष म्हणाला, "पाटीला खांद्यावर हात टाकून कुणी फोटो काढतं का, काका?" पाटी काढली. तिच्या फळीचं डुकरांसाठी कुंपण झालं.

*इथून वाट टेकडीवर चढते. वरून तळ्याचं सुंदर दृश्य दिसतं.*

हा भाग आपण तूर्तास गाळू. न्हाव्याने टेकडीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तरुणपणी दुकान होतं, नंतर दाढी करवून घ्यायला उठूही न शकणारी गिऱ्हाइकं होती, त्यांच्या घरी जावं लागायचं. आणि आता ही नोकरी, जिला पगार नाही, रजा नाही आणि राजीनामाही नाही.

दर रविवारी एक बाई यायची. एकटी. शहरात दातांचा दवाखाना होता, तो भाचीच्या गळ्यात घालून मोकळी झालेली. पहिल्याच रविवारी तिने भिंतीवर बूड टेकलं आणि बुटातला खडा काढता काढता विचारलं,

"तुम्हाला इथे बसवलंय की तुम्हीच बसलाय?"

"सुरुवात मी केली. शेवट समितीच्या हातात आहे."

"धंदा काय होता?"

"न्हावी."

"मग आपण एकाच घराण्यातले. पूर्वी दात न्हावीच काढायचे."

"मी पण काढलाय एक. आमच्या पोस्टमनचा."

"आणि?"

"शेजारचा निघाला."

डॉक्टरबाई एवढी हसली की मागून येणाऱ्या शिक्षकांचा घोळका, हा पण वाटेचाच भाग असावा म्हणून पत्रकात शोधू लागला. न्हाव्याला वळून तिच्याकडे बघायचं होतं. बघता आलं नाही. ती टेकडीवर गेली तेव्हा मात्र ती नजरेआड होईपर्यंत त्याने बघून घेतलं. ती दिशा नेमकी ड्यूटीचीच होती.

पुढच्या रविवारी ती आली, त्याच्या पुढच्याही. एकदा म्हणाली, "चला की वर. मग पलीकडून बस धरू, माझ्या घरी जेवू. मी स्वयंपाक वाईट करते, पण दात चांगले असले की चालतं."

"दगड कुठे फिरायला जातो, डॉक्टरबाई?"

"बदली माणूस बघा."

*बदली माणूस*

हे पत्रकात नाही.

न्हावी अध्यक्षाकडे गेला. अध्यक्ष उदार मनाचा होता, निदान दुसऱ्याच्या वेळेबाबत. "हो की. एक रविवार दुसरं कुणी बसेल. फक्त म्हातारा पाहिजे. तसं छापलंय."

इथेच माशी शिंकली.

पोस्टमन न्हाव्याहून मोठा. पण केस बुटाच्या पॉलिशसारखे काळे. "मी बसलो असतो रे," तो म्हणाला, "पण लोक फसतील. त्यांना वाटेल कुणी मधल्या वयाचा माणूस बसलाय."

"मी तुझा दात काढलाय. माझ्यापुढे वय सांगू नकोस."

"तो दुधाचा होता."

गवंडी म्हणाला, त्याला अजून कामं येतात. कुठे आहेत, हे त्याने सांगितलं नाही. मास्तरांनी दारच उघडलं नाही, आतून नातवाकडून निरोप दिला की आजोबा धावायला गेलेत. भिंतीवर बसणं म्हणजे म्हातारपणाचा छापील दाखला, आणि तो सगळ्या गावासमोर कोण घेणार? शेवटी न्हाव्याने अध्यक्षालाच विचारलं. अध्यक्षाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"काका, मी तुम्हाला काका म्हणतो, ते उगाच?"

"शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होतास तू."

सभा बरखास्त.

*पुन्हा फाटा. रविवार.*

सकाळी त्याने सुनेला म्हटलं, "मी आज वर जातोय."

"वर? अजून वेळ आहे तुम्हाला, बाबा."

"टेकडीवर."

सुनेने किटली खाली ठेवली. "आज तीन बस यायच्यात. पावाचे दोन क्रेट आणलेत मी. तुम्ही उठलात की लोक डुकरांत, डुकरांतून लोक तक्रारीत, आणि तक्रारीतून बस बंद. मग मी हे पाव कुणाला घालू?"

"तू बसतेस का?"

"मी म्हातारी दिसते?"

काही प्रश्नांवर शहाण्याने तोंड उघडू नये. न्हावी जाऊन भिंतीवर बसला.

डॉक्टरबाई आली. आज ती भिंतीवर टेकली नाही.

"सांगायला आले. पुढच्या रविवारपासून मी दुसऱ्या बसने जाणार. नदीकाठची सपाट वाट आहे तिकडे. माझे गुडघे किती दिवस म्हणतायत, बाई, तुला टेकडी आवडत नाही, तुला भिंत आवडते, तर आम्हाला का छळतेस."

न्हावी समोर बघत राहिला. मागे बसचं दार उघडल्याचा आवाज झाला. काठ्या वाजल्या, कुणीतरी मोठ्याने पत्रक वाचायला लागलं. फाट्यावर एक म्हातारा भिंतीवर बसलेला

उठला.

पाय आखडले होते. तिने हात दिला, त्याने घेतला, आणि दोघं उजवीकडच्या वळणाआड गेली.

*दृश्य*

तळं होतं. त्यात पाणी होतं.

"कसं वाटलं?"

"बरं आहे," न्हावी म्हणाला. "पण खरं सांगू? इतकी वर्षं लोक 'वा' म्हणत उतरतात, म्हणून मला जरा मोठं वाटलं होतं." मग त्याने मान वळवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. नाकावर उन्हाचा चट्टा. कपाळावर एक बट, जरा वाकडी कापलेली. कापणाऱ्याला काही कळत नव्हतं.

*परत बसने*

पलीकडच्या थांब्यावर त्यांना बस मिळाली. पुढच्या वळणावर ड्रायव्हरने ब्रेक मारला. रस्त्याकडेला घोळका उभा होता, गुडघ्यापर्यंत काळपट, आणि वास त्यांच्या आधी बसमध्ये चढला. खिडक्या धडाधड उघडल्या.

टोपीवाला एक इसम न्हाव्याशेजारी बसला. हातातलं पत्रक ठिबकत होतं.

"काय हो झालं?" डॉक्टरबाईने विचारलं.

"म्हातारा नव्हता जागेवर. अर्धा तास थांबलो. शेवटी एकीने नाणं उडवलं." त्याने न्हाव्याकडे वळून पाहिलं. एवढ्या जवळून, एवढा सरळ, की न्हावी सवयीने ताठ बसला. भिंतीशिवाय त्याला कुणीही ओळखलं नाही. "सांगा आता, आजोबा. छापील माणूस, निदान तो तरी जागेवर नको?"

न्हाव्याने क्षणभर विचार केला. पाव आठवले, सून आठवली. उद्या तिचं ऐकून घ्यावं लागणार होतं, आणि ती बोलणार ते रास्तच असणार होतं. शेजारी डॉक्टरबाई रुमालात तोंड घालून हलत होती.

"काय सांगायचं," तो म्हणाला. "हल्लीच्या म्हाताऱ्यांचा काही भरवसा नाही."