नानांची कूस कोण पालटतं?

हसू नका, मित्रांनो! एक पाय तोकडा, सुंभ लोंबतंय, अंगावर मिरच्या वाळत टाकलेल्या. अशी मी देवपुरातली जुनी बाज आहे. पण एके काळी बाभळीचे चार पाय माझ्याखाली खणखणीत उभे होते. "हिच्यावर हत्ती बसू दे," असं सुतार म्हणाला होता. हत्ती काही आला नाही, रुपचंदनाना आले. तेही काही कमी वजनाचे नव्हते!

एकोणीसशे चौतीसच्या हिवाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, वाचा गेली. माझ्यावर पडून पडून उजव्या खुब्याला जखम झाली. ती धुवायला दवाखान्यातल्या नर्स मंदाबाई रोज येऊ लागल्या. नानांच्या बायकोला, सुंदरबाईंना, त्यांनी बजावलं, "यांना डाव्या कुशीवरच राहू द्या. जखम हाडाला भिडली, तर नाना हाती लागायचे नाहीत."

आणि घरात संशय शिरला. मंदाबाई आल्या की सुंदरबाई ओट्यावर जाऊन बसत. दहा घरची दुखणी हाताळणारी बाई, म्हणून तिला चुलीजवळ फिरकू देत नसत. मंदाबाई चादरीची झोळी करून नानांना डावीकडे वळवत आणि निघून जात. मग सुंदरबाई गोमूत्र शिंपडून भाकरीला बसत, आणि मागे वळून पाहावं तर नाना उजव्या कुशीवर! एकटीने ते धूड परत उलटवणं त्यांना जमत नसे. त्यांना वाटे, ही नर्सच मुद्दाम असं टाकून जाते. जखम भरली तर हिला विचारतो कोण? तिकडे मंदाबाईंच्या मनात, भरवायला सोपं पडतं म्हणून ही बायको नवऱ्याला उजवीकडच्या चुलीकडे ओढून घेते.

मला सगळं ठाऊक होतं हो! पण बाजेला तोंड कुठे? जीव नुसता तडफडायचा.

एक दिवस मंदाबाईंनी डोकं लढवलं. ही चुलीकडे ओढते ना? मग चूलच नानांच्या डावीकडे येऊ दे. त्यांनी मला सरकवत सरकवत उलट्या दिशेला फिरवलं. चूल डावीकडे आली खरी, पण नानांचे पाय गेले दक्षिणेला. दक्षिणेकडे पाय कोणाचे करतात, तुम्हाला माहीत आहेच.

सुंदरबाई दारातूनच किंचाळल्या, "बाई, मना मालक आजून जित्ता शे! तुम्हले इतली काय घाई शे?"

"घाई मला? मी डावीकडे ठेवते, तुम्ही उजवीकडे ओढता!"

"मी? मी का त्यासनी वैरीन शे?"

मला परत सरळ केलं गेलं. नानांना डावीकडे वळवून मंदाबाई दारात बसल्या. "आज मी हलत नाही. बघू कोण फिरवतं."

"बसा. मी बी दखस."

सुंदरबाई नेहमीसारख्या पाठमोऱ्या भाकरी थापू लागल्या. बांगड्या वाजल्या. तसा नानांचा धड हात मागे आला, माझी कड त्याने घट्ट धरली आणि दात आवळून नानांनी स्वतःला ओढलं. जखमेवरच उलटले बिचारे!

"सुंदरबाई," मंदाबाई हळूच म्हणाल्या, "मागं बघा."

सुंदरबाईंनी पाहिलं. नाना एकटक त्यांच्याकडेच बघत होते. पिठाच्या हातानेच सुंदरबाईंनी डोळे पुसले.

मग त्या उठल्या आणि त्यांनी चूल मोडली. हो, भरल्या घरातली पेटती चूल! "बाई, माती मळाले या," एवढंच म्हणाल्या. मंदाबाईंनी कोपरापर्यंत हात घातले. ज्या हातांना चुलीजवळ मज्जाव होता, त्याच हातांनी नानांच्या डावीकडे नवी चूल उभी राहिली. रांधताना तोंड पूर्वेला हवं, ही सुंदरबाईंची शिस्त. त्यामुळे आता त्या नानांकडे तोंड करूनच बसत.

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जखमेवर कातडी धरली. नाना पुढे सात वर्षं जगले.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असं पडून असेल, तर एकमेकांवर नजर ठेवण्यात दिवस घालवू नका. सगळे मिळून आधी त्या माणसाची नजर कुठे जाते ते पाहा. नाना माझ्यावर पडून महिनोन्‌महिने आपल्या बायकोची पाठच पाहत होते हो!