दुसरा फोटोग्राफर कुणासाठी

लग्न सात आठवड्यांवर आलं होतं आणि कृतिकाला काहीच वाटत नव्हतं. हॉल ठरला, गुरुजी ठरले, जेवणात श्रीखंड की बासुंदी यावर नवऱ्यामुलाच्या, निहारच्या आईचे पुण्याहून तीन फोन येऊन गेले, आणि प्रत्येक वेळी कृतिका "चालेल" म्हणाली. खोटं नव्हतं ते. तिला खरंच चालणार होतं. ब्रॉसार्डहून पूल ओलांडून ती रोज मॉन्ट्रियलला जायची, एका विमा कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधले दोष शोधायची, आणि संध्याकाळी घरी येऊन लग्नाच्या यादीतली एकेक ओळ तेवढ्याच कोरडेपणाने निकालात काढायची.

अडलं ते फोटोग्राफरपाशी.

नंदन मूळचा नागपूरचा. आठवडाभर एका गोदामात नोकरी करायचा आणि शनिवार-रविवारी लग्नं. फोटो चांगले काढायचा आणि बोलायचा सरळ. त्याने फोनवर समजावून सांगितलं की सकाळी नवरी एकीकडे तयार होणार, नवरा दुसरीकडे हॉटेलात, आणि तिकडून वरात निघेल नेमकी त्याच वेळी इकडे गौरीहर पुजायला बसायचं असेल. एका माणसाला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. त्याच्याबरोबर ऊर्मी नावाची एक मुलगी काम करते, तिला घेतलं तर दोन्ही बाजूंचं काही सुटणार नाही. पण तिला आणखी एका ठिकाणाहून विचारणा आहे, तेव्हा शनिवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा. सोबत त्याने एक फॉर्मही पाठवला. कुटुंबातल्या कुणाकुणाला एकत्र उभं करून फोटो काढायचे, त्याची यादी. पहिलीच ओळ होती, 'नवरी, आई-वडिलांसोबत'.

कृतिकाने बाकीचा फॉर्म भरला आणि ती ओळ तशीच ठेवली.

तिचे वडील, शरदचंद्र, गाडीने नऊ तासांवर विंडसरला असायचे. नऊ वर्षांपूर्वी मॉन्ट्रियलजवळची त्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा विंडसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये त्यांना काम मिळालं. दोन वर्षांसाठी म्हणून गेले. आई, अरुणा, इकडे डेकेअरमध्ये शिकवायची, कृतिका कॉलेजात होती, सगळं घर हलवण्यात अर्थ नव्हता. पहिल्या वर्षी बाबा दर महिन्याला यायचे. मग दिवाळीला आणि ख्रिसमसला. मग नुसते ख्रिसमसला. आणि गेली तीन वर्षं तेही नाही. मध्ये कुणी दुसरी बाई आली नव्हती, भांडण झालं नव्हतं, वकिलाकडे कुणी गेलं नव्हतं. मराठी मंडळात कुणी विचारलं तर अरुणा म्हणायची, "त्यांची नोकरी तिकडे आहे ना," आणि विचारणारा "हो का" म्हणून आपल्या ताटात बघायचा.

ज्या ख्रिसमसला बाबा पहिल्यांदा आले नाहीत, त्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होता. आईने आदल्या दिवशी त्यांच्यासाठी अनारसे तळून ठेवले होते. कृतिकाने बूट चढवले आणि घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसून काढला, अगदी रस्त्यापर्यंत, दोन गाड्या मावतील एवढा. मग आत येऊन तिने चहा घेतला. रडू आलं नाही. त्यानंतर तिला रडू कधी आलंच नव्हतं.

निहारचं म्हणणं साधं होतं. त्याचे आई-बाबा आयुष्यात पहिल्यांदा कॅनडात येणार, आईला वरातीत नाचायचं आहे, तेव्हा तिकडे कुणीतरी हवं. "पण दिवस तुझा आहे," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

"चालेल."

"कृतिका, चालेल म्हणजे हो की नाही?"

तिने थोडा विचार केल्यासारखं केलं आणि शनिवारी सांगते म्हणाली.

आईला विचारलं तर तिचं उत्तर तयारच होतं. दोन असलेले बरे. एकाला तुझ्या बाबांच्या बाजूला ठेव, एकाला माझ्या. म्हणजे कुणी कुणासाठी थांबायला नको, आणि 'जरा जवळ या' म्हणायचीही वेळ नको. ती हे पोळी लाटत इतक्या सहज म्हणाली, की जणू पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या तेच सांगत होती. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, एक पुरे. ते शुक्रवारी येणार, रविवारी सकाळी निघणार, त्यांचे असे कितीसे फोटो निघणार आहेत.

शनिवार आला तो केळवणाचा. धाकटे काका जयदीप आणि वनिताकाकू दोन्ही गावांच्या मधल्या वाटेवर, व्हिटबीला राहायचे. त्यांनी कृतिकाला केळवणाला बोलावलं आणि दोघांनाही, अरुणाला आणि शरदचंद्रांना, वेगवेगळे फोन केले. ब्रॉसार्डहून मायलेकी पहाटे निघाल्या. विंडसरहून बाबा एकटे आले. ते आधी पोचले होते. दार त्यांनीच उघडलं. केस पुष्कळ पांढरे झाले होते आणि अंगात कृतिकाने पूर्वी कधी न पाहिलेला निळा शर्ट होता.

"ट्रॅफिक लागलं का?" त्यांनी विचारलं.

"किंग्स्टननंतर थोडं," अरुणा म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.

काकूने ताटाभोवती रांगोळी काढली होती. अळू मिळालं नाही म्हणून पालकाचं फतफतं केलं होतं, पुरणपोळ्या होत्या, मठ्ठा होता. तिने कृतिकाला ओवाळलं, ओटी भरली. कृतिका खाली मान घालून बसून राहिली. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं तिला कळत होतं. पण हे सगळं कुणा दुसऱ्या मुलीचं चाललं आहे आणि आपण तिची जागा राखून बसलो आहोत, तसं वाटत होतं. तिने समोरचं खाल्लं. पुरणात जायफळ जास्त झालं होतं एवढं तिच्या लक्षात आलं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा काकांनी घसा खाकरला. शरददादा म्हणतो आहे की कन्यादानाला मी आणि वनिताने बसावं, असं ते अरुणाकडे न बघता म्हणाले. आमची ना नाही, पण वहिनींचं मत विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही. ताटातून हात कुणी उचलला नाही, पण घास घ्यायचे सगळे थांबले.

"अहो," अरुणा म्हणाली. समोर बसलेल्या नवऱ्याशी ती त्या दिवशी पहिल्यांदाच थेट बोलत होती. "मी बसणार आहे. तुम्ही नाही बसलात तर मी एकटी, तुमच्या जागी सुपारी ठेवून बसेन. पण तुम्ही इथे असताना सुपारी कशी ठेवू?"

शरदचंद्रांनी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"तुला अवघड होईल म्हणून म्हणत होतो."

"दीड तासाचा प्रश्न आहे. तेवढं काही जड नाही."

"बसतो मग," ते म्हणाले. काकूने लगेच सगळ्यांना भात वाढायला घेतला.

जेवणानंतर बाबा मागच्या अंगणात काकांची टोमॅटोची झाडं बघत उभे होते. कृतिका त्यांच्याजवळ गेली. फोटोग्राफरचं आज सांगायचं आहे, असं ती म्हणाली. ते म्हणाले, सांगितलं ना, एक पुरे. एक पिकलेला टोमॅटो त्यांनी तोडला, शर्टाला पुसला आणि तिच्या हातात दिला, ती लहान असताना द्यायचे तसा. तिने तो नुसता धरून ठेवला.

"बाबा, तुम्ही परत का नाही आलात?"

तिचा आवाज अगदी सरळ होता. ऑफिसात एखादा प्रोग्रॅम का अडकला ते विचारावं तसा. कदाचित म्हणूनच त्यांना उत्तर देता आलं.

"दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी जाऊ," ते म्हणाले. "मग तुमचं माझ्याशिवाय नीट चाललेलं दिसायला लागलं. मीही एकटा स्वयंपाक करायला शिकलो. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं गं. मिटवायला काही नव्हतंच."

"आईने बोलावलं असतं तर?"

"आलो असतो." मग झाडाचं एक वाळकं पान खुडत ते म्हणाले, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'चा तिला राग आला नाही. उलट ते एकच काय ते खरं बोलले असं वाटलं. आपण निहारला महिनोन् महिने "चालेल" म्हणतो आहोत, तेही असंच आहे, हेही तिला तिथे उभ्या उभ्या दिसलं. कुणी कुणाला दुखवत नाही, कुणी काही मागत नाही, आणि मग एका वर्षी ड्राइव्हवे साफ असतो आणि कुणी येत नाही.

ती आत आली, वॉशरूममध्ये गेली, टोमॅटो बेसिनच्या कडेला ठेवला आणि निहारला फोन लावला. ऊर्मीला घेऊ या, असं तिने सांगितलं. तिला वरातीबरोबर ठेवायचं, तुझ्या आईच्या मागे. माझ्या आई-बाबांना वाटून द्यायला नाही. त्यांच्यासाठी एकच फोटोग्राफर, त्यांनी एकमेकांसाठी थांबायचं. निहारने विचारलं, तू ठीक आहेस ना. ती म्हणाली, "नाही. बरेच दिवस नाही. पण हे मला असंच हवंय." तो म्हणाला की रविवारी तू परत आलीस की बोलू, आणि या वेळी चालेल म्हणून सुटायचं नाही. त्यानंतर तिने नंदनला हो कळवलं आणि फॉर्ममधली पहिली ओळ भरली, आई-बाबा दोघांची नावं एकत्र लिहून.

लग्न सप्टेंबरात, ठरल्या दिवशी झालं. २०१७चा तो सप्टेंबर भलताच तापला होता, गुरुजींचा घाम होमात पडेल अशी भीती. अरुणा आणि शरदचंद्र शेजारी शेजारी पाटावर बसले. गुरुजींनी सांगितलं तेव्हा तिने त्यांच्या हाताला हात लावला, सांगितलं तेव्हा काढला. नंदन दोनदा "काका, जरा जवळ" म्हणाला आणि ते दोनदा सरकले. कृतिकाच्या ओंजळीवर पाणी पडलं तेव्हा ते गार होतं एवढंच तिला जाणवलं. रविवारी सकाळी बाबा विंडसरला निघून गेले. जाताना अरुणाने त्यांना लाडवांचा डबा दिला; डबा परत आणायचं कुणी बोललं नाही.

फोटो नोव्हेंबरात आले. निहार ऑफिसात होता, कृतिका आईकडे आली होती. दोघी लॅपटॉप घेऊन बसल्या. कन्यादानाच्या फोटोंत दोघं दोन दिशांना बघत होते. चांगले होते फोटो, सगळ्यांच्या लग्नात असतात तसे. अरुणा भराभर पुढे जात राहिली. मग ऊर्मीने काढलेले वरातीचे लागले. ढोल, निहारची नाचणारी आई, फेटे. आणि एकात, गर्दीच्या पलीकडे, हॉलच्या दारात आई-बाबा उभे होते. ऊर्मीने तो फोटो त्यांचा म्हणून काढलाच नव्हता. अरुणाच्या दोन्ही हातांत औक्षणाचं ताट, आणि शरदचंद्रांच्या खांद्याला बायकी पर्स. दोघंही एकाच बाजूला, येणाऱ्या वरातीकडे बघत होते.

कृतिका थांबली. "त्यांनी तुझी पर्स धरली आहे."

अरुणाने चष्मा वर सरकवून निरखून पाहिलं.

"माझी कुठली? ती वनिताची. मी त्या दिवशी पर्स घेतलीच नव्हती."

कृतिकाला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. कितीतरी महिन्यांत अशी ती हसली नव्हती. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते रडणं नव्हतं, पण त्याच्या बरंच जवळचं होतं. आईने तिच्याकडे पाहिलं. लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि तो फोटो बराच वेळ बघत राहिली.

"हा मोठा करून घे," ती शेवटी म्हणाली. "दोन कर."

"दुसरा कुणाला?"

"तिकडे पाठव. पर्स कुणाची ते नको सांगूस."

मग ती उठली आणि पोह्यांना पाणी लावायला गेली. कृतिकाला एकदम फार भूक लागली होती. तिने आत हाक मारून सांगितलं की कांदा जास्त घाल, आणि दाणेही.