भूमच्या बसमधला कॅप्टन

तुळजापुरात उत्कर्षला कुणी उत्कर्ष म्हणून ओळखत नसे. तो अंबादास गुरुजींचा मुलगा होता, आणि विम्याची कामं करणाऱ्या एका माणसाच्या कार्यालयात तो कॉम्प्युटरवर बसायचा. तिशी गाठली तरी तिथं त्याचं मत चहात साखर किती एवढ्यापुरतंच विचारलं जाई.

गेममध्ये मात्र तो कॅप्टन होता. चार जणांच्या टोळीनं एका बेटावर उतरायचं, जीप पळवायची आणि समोरच्या टोळीच्या आधी किल्ला घ्यायचा, असा तो ऑनलाइन खेळ. टोळीतले बाकीचे तिघं रायपूर, सुरत आणि कोचीचे. त्यांनी उत्कर्षला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं त्यांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. घरी मीठ मागताना ज्याचा आवाज ऐकू यायचा नाही, तो बेटावर हिंदीतून असा काही गरजायचा की शेजारच्या खोलीत अनसूयाबाई, म्हणजे त्याची आई, पोथी मिटून ठेवायच्या.

हा खेळ कुठंही खेळता यावा म्हणून उत्कर्षनं दोन्ही हातांत धरायचा कन्सोल घेतला होता. गुरुजी त्याला डबडं म्हणत. कन्सोलच्या जाहिरातीतला माणूस बर्फाच्या डोंगरांतून जाणाऱ्या रेल्वेत बसून, गालातल्या गालात हसत खेळत होता. धाराशिव-भूम बस त्याहून फार वेगळी नसणार, असा उत्कर्षचा अंदाज होता.

त्या अंदाजाची परीक्षा एका रविवारी आली. सकाळी अकराला टोळीचा स्पर्धेतला उपांत्य सामना होता, आणि गुरुजींनी त्याच दिवशी भूमला मुलगी बघायला जायचं ठरवलं होतं. उत्कर्षनं दिवस बदलायला सांगून पाहिलं. कारण विचारल्यावर त्यानं मीटिंग आहे असं सांगितलं. गुरुजी म्हणाले, भूमलाही मीटिंगच आहे. मग कॅप्टननं सामना बसमध्येच खेळायचं ठरवलं आणि टोळीला कळवून टाकलं की तो त्या दिवशी 'फील्ड'वर आहे.

धाराशिवला बस बदलायची होती. भूमची बस लागली आणि रविवारची सगळी गर्दी दाराशी लोटली. उत्कर्षनं मोठ्या चपळाईनं खिडकीतून रुमाल टाकून एक जागा धरली. गुरुजींना मागं कुठंतरी टेकायला मिळालं. राहिल्या अनसूयाबाई. रिकामी जागा एकच होती आणि ती खिडकीची होती. रेंज खिडकीलाच येते, हे उत्कर्षनं आईला नीट समजावून सांगितलं. एवढा सामना होऊ दे, मग तू बस, असंही म्हणाला. अनसूयाबाई म्हणाल्या, "बस रे, मला काय होतंय," आणि ठेवणीतल्या साडीचा पदर खोचून वरचा दांडा धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातली पेढ्यांची पिशवी उत्कर्षच्या शेजारी बसलेल्या एका वयस्क बाईंनी आपणहून मांडीवर घेतली.

बस निघाली, सामना सुरू झाला. हॉटस्पॉट चालू केलेला मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून उत्कर्ष बेटावर उतरला. कानातल्या इअरफोनची बॅटरी मात्र धाराशिवच्या वेशीवरच मेली, म्हणून आवाज उघड्यावर आला. गोळीबार, स्फोट आणि रायपूरवाल्याच्या शिव्या सगळ्या बसला ऐकू येऊ लागल्या. शेजारच्या बाईंनी एकदा आवाज कमी होतो का, असं विचारलं. उत्कर्षनं मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ हो की नाही, हे त्यांना कळलं नाही.

खेळ मात्र रंगला होता, हे मान्य करायला हवं. किल्ला समोर दिसत होता. सुरतवाला जीप चालवत होता आणि पुलाच्या तोंडाशी शत्रू दबा धरून बसला होता. उत्कर्षला तो दिसला. येडशी जवळ आली होती, रेंज येत-जात होती, आणि सुरतवाल्याला काही ऐकू जात नव्हतं. कॅप्टन जागेवरून अर्धा उठला आणि पोटातून ओरडला, "गाडी रोक! सामने आदमी है! रोक!"

सुरतवाल्यानं नाही, पण बसच्या ड्रायव्हरनं ऐकलं. त्यानं करकचून ब्रेक मारला. उभी माणसं एकमेकांवर गेली, कुणाचं तरी कांद्याचं पोतं सुटलं आणि कांदे थेट पुढच्या दारापर्यंत गेले. पोरं रडायला लागली. कंडक्टर बब्रुवान खाली उतरून चाकांखाली बघून आला. तिथं कुणी नव्हतं. मग तो चौकशी करत खिडकीपर्यंत पोचला.

"गाडी रोक म्हून कोन बोंबललं?"

"मी," उत्कर्ष म्हणाला. "पण ते ह्या गाडीला नाही. दुसऱ्या गाडीला."

बब्रुवाननं खिडकीतून वाकून दुसरी गाडी शोधली. रस्त्याच्या कडेला एक म्हैस उभी होती. मग उत्कर्षनं कन्सोल त्याच्यापुढं धरला. रेंज गेली होती आणि काळ्या पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत होतं. बब्रुवाननं ते बराच वेळ शांतपणे पाहिलं.

"ह्यात तर काईच न्हाय," तो म्हणाला, आणि कांदे गोळा करायला गेला.

येडशीला माणसं उतरली आणि अनसूयाबाईंना जागा मिळाली. उत्कर्षला रेंज मिळाली. किल्ला गेला होता, आणि टोळीनं कॅप्टन ऐन वेळी पळाला असा निष्कर्ष काढला होता. हा अन्याय त्याला सहन होईना. शेजारच्या बाईंनी सहज कुठं निघालात म्हणून विचारलं, तेव्हा तो राग त्यांच्यावर निघाला. भूमला मुलगी बघायला चाललोय, तो म्हणाला, आईवडिलांची हौस. पोहे खायचे आणि निघायचं, नाहीतर आज सामना जिंकलाच होता. बाई "असं का," एवढंच म्हणाल्या.

भूमला त्याही उतरल्या. पेढ्यांची पिशवी अनसूयाबाईंच्या हाती देऊन रिक्षानं पुढं गेल्या. मुलीच्या घरी पोचल्यावर मुलीच्या वडिलांनी ओळख करून दिली, "ही माझी बहीण, उमादेवी. आत्ताच धाराशिवहून आली." उमादेवी हसून नमस्कार करून बसल्या आणि बसबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं, असं उत्कर्षला पोहे संपेपर्यंत वाटत राहिलं.

मुलगी निवेदिता गुरांची डॉक्टर होती. ती बाहेर आली आणि उत्कर्षकडं न बघता थेट अनसूयाबाईंपाशी गेली. त्यांचं कोपर सुजून टम्म झालं होतं. ब्रेक लागला तेव्हा त्या दांड्यावर आपटल्या होत्या. निवेदितानं बर्फ आणला, कोपर वाकवून बघितलं, हाड शाबूत असल्याचं सांगितलं. आपले पेशंट सहसा लाथ मारतात, असंही म्हणाली. अनसूयाबाई हसल्या.

मग रीतीप्रमाणे दोघांना गच्चीवर पाठवलं. कन्सोलची बाजू कशी मांडायची, हे उत्कर्षनं जिना चढताना मनात जुळवून ठेवलं. खेळानं निर्णयशक्ती वाढते, नेतृत्व येतं वगैरे. त्याची गरज पडली नाही.

"मीही खेळते कधी कधी," निवेदिता म्हणाली. "तुमच्या सामन्याचं काय झालं?"

"रेंज गेली. हरलो."

"आईंना लागलंय, हे कधी कळलं तुम्हाला?"

खोटं बोलायला वाव होता. पण खाली तिच्या आत्या, उमादेवी, बसल्या होत्या.

"तुम्ही बर्फ आणलात तेव्हा," तो म्हणाला.

निवेदितानं मान डोलावली. दोघं थोडा वेळ समोरच्या घरावर वाळत घातलेल्या मिरच्या बघत उभी राहिली.

चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला: पत्रिका जमत नाही. गुरुजींनी पत्रिका स्वतः जमवली होती, त्यामुळं त्यांनी भूमच्या ज्योतिषाची अक्कल काढायला सुरुवात केली. ज्योतिषाला कितपत शिव्या बसू द्यायच्या, याचा उत्कर्षनं थोडा वेळ विचार केला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं आईला गच्चीवरचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं.

अनसूयाबाई मेथी निवडत होत्या. तू मुद्दाम थोडंच केलंस, असं त्या म्हणतील म्हणून तो थांबला. एरवी त्या तसंच म्हणत. त्यांनी एक जुडी संपवली, दुसरी सोडली.

"पोरगी लाखात एक होती," त्या म्हणाल्या. "मी तिच्या जागी असते, तर मीही नाहीच म्हणाले असते."