रविवारीच अडकलेली मासळी

गुरुवारी सकाळी अल वक्र्याचं शीतगृह सांभाळणाऱ्या सैफचा फोन आला, तेव्हा मधुरा बिन महमूद भागातल्या आपल्या ऑफिसात नुकतीच येऊन टेकली होती. शीतगृहातल्या मासळीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर तिच्याच टीमने रविवारी सुरू करून दिलं होतं.

"मॅडम, आज उतरलेला हमूर मासासुद्धा रविवारचा दाखवतोय," सैफ हिंदीत म्हणाला. "गिऱ्हाईक मला शिळा माल विकतोस म्हणतंय."

मेट्रोने ती तडक वक्र्याला पोचली. सैफने तिच्यासमोर एक पेटी नोंदवली. तारीख रविवारची. कॉम्प्युटरचं घड्याळ मात्र बरोबर. तारीख हाताने घातली, तर तीही बिनतक्रार उमटली. म्हणजे रकाना रिकामा सोडला की डेटाबेस स्वतःहून जी तारीख भरतो, तिथेच पाणी मुरत होतं. तिने डेटाबेसमधल्या टेबलाची, म्हणजे नोंदींच्या तक्त्याची, रचना उघडली. तिथे चक्क रविवारची तारीख लिहिलेली.

टेबल टीममधल्या गंधारने बनवलं होतं. तिने त्याला फोन लावला. "तारीख कायमची लिहून टाकलीस का रे?"

"नाही ताई. मी अवतरणचिन्हांत 'टुडे' लिहिलं होतं."

मधुराला राग येण्याऐवजी गंमतच वाटायला लागली. तिने एक नवं, खोटंच टेबल बनवून त्यात 'टुडे' लिहिलं आणि पुन्हा उघडून पाहिलं. शब्द गायब, त्याच्या जागी आजची तारीख.

"अरे, टेबल बनतानाच डेटाबेस या शब्दाचा अर्थ लावून मोकळा होतो," ती म्हणाली. "आज तारीख काय, हे पुन्हा विचारतच नाही. आपल्याला दर वेळी विचारणारं फंक्शन हवं."

तिने 'करंट डेट' घातलं. सैफने पेटी नोंदवली. गुरुवार. जुन्या नोंदी पावत्यांवरून दुरुस्त करेपर्यंत दुपार झाली.

पण तिचं कुतूहल काही शमेना. त्या खोट्या टेबलात 'यस्टरडे', 'टुमॉरो' लिहून झाले, मग तिने 'इन्फिनिटी' लिहिलं. डेटाबेसने तेही तारीख म्हणून घेतलं.

"ही कुठली तारीख?" सैफ खुर्ची ओढून जवळ बसला.

"सगळ्या तारखांच्या पलीकडची."

"मग त्याच्या आदल्या दिवशी काय असतं?"

हे मधुराच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिने एक दिवस वजा करून पाहिला. उत्तर पुन्हा इन्फिनिटीच.

"यल्ला, चला, आता दोन दिवस काढून बघा," सैफ म्हणाला.